दोन गुणांमधले मन

टेनिसपटूच्या मनाविषयी लिहिलेल्या पुस्तकांचे परीक्षण दिवाळी अंकात, तेही फराळाचे ताट शेजारी असताना वाचायला देणे, हे काहींना विचित्र वाटेल. कुस्तीला, कबड्डीला, फार काय क्रिकेटलासुद्धा मराठीत आपापली बोली आहे. टेनिसला ती फारशी लाभली नाही. गुण मोजायचे तेही इंग्रजीत, आणि हरल्यावर चरफडायचे तेही बहुधा इंग्रजीतच! तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. कारण या पुस्तकांतली भाषा आता टेनिसच्या कोर्टापुरती उरलेली नाही. ती शिकवणीच्या वर्गांत आली, परीक्षेच्या दिवसांत आली, आणि घरोघरी जेवणाच्या पानावरही येऊन बसली. ‘मेंटल टफनेस’ हा शब्द आमच्या सक्करदऱ्यात बुधवारच्या बाजारात वांगी निवडता निवडता कानी पडू लागला, तेव्हा तो आला कोठून आणि त्याच्या पोटात आहे काय, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे असे मी समजतो.

नागपुरात तर या विषयाला २०२५ सालापासून वेगळीच धार आली आहे. त्या वर्षी २८ जुलै रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीसारख्या मुरलेल्या खेळाडूला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. डाव आटोपल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली. ते चित्र घरोघरी पाहिले गेले आणि त्या पाठोपाठ एक प्रश्नही घरोघरी विचारला गेला: ‘एवढं खंबीर मन येतं कुठून हो?’ प्रश्न उठला बुद्धिबळावरून. पण त्याचे उत्तर देण्याचा चंग ज्या मोजक्या खेळांतल्या लेखकांनी बांधला, त्यांत टेनिसवाले अग्रभागी आहेत. म्हणून त्यांच्याकडेच वळू.

१

मानसशास्त्राची आणि खेळाची सोयरीक तशी जुनी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ याने १९२५ साली खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा थाटली होती. परंतु मनाचा विचार करायला टेनिसइतका सोयीचा खेळ क्वचितच सापडेल, आणि त्याचे कारण त्या खेळाच्या घडणीतच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एकटेपणा. एकेरीच्या सामन्यात खेळाडूला खांदा द्यायला कोणी नसते. प्रशिक्षकाने कोर्टाबाहेरून सल्ला देण्यास खेळाच्या मूळ नियमांनीच परवानगी दिली ती १ जानेवारी २०२५ पासून. त्यापूर्वी तसा सल्ला हा एरवी गुन्हा ठरे. दुसरी गोष्ट रिकामा वेळ. एक गुण संपला की पुढची सर्व्हिस करण्यासाठी मोठ्या स्पर्धांत पंचवीस सेकंद मिळतात. बाजू बदलताना दीड मिनिट बसता येते. दोन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष उडत असतो तो वेळ थोडा. उरलेल्या वेळात खेळाडू चालतो, टॉवेलने तोंड पुसतो, रॅकेटच्या तारा सारख्या करतो आणि विचार करतो. हा विचारच त्याचा खरा वैरी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टेनिसला घड्याळ नाही. फुटबॉलमध्ये एका गोलाची आघाडी घेऊन वेळ काढता येतो. क्रिकेटमध्ये षटके कोणासाठी थांबत नाहीत. टेनिसमध्ये आघाडी सांभाळून बसण्याची सोयच नाही. शेवटचा गुण स्वतःच्या हाताने मिळवावा लागतो. त्यात गुणांची मांडणी अशी अजब की जास्त गुण मिळवूनही माणूस हरू शकतो. २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण मिळवले, नोव्हाक जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी आणि हाती सर्व्हिस असताना फेडररला विजयापासून एकच गुण दूर असण्याची संधी दोनदा आली. जिंकला जोकोविच.

याच फेडररने २०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात आपला हिशेब मांडला. कारकिर्दीत तो एकेरीचे १५२६ सामने खेळला. त्यांतले जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले. पण गुण? अवघे ५४ टक्के. म्हणजे जगातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू आयुष्यभर जवळजवळ दर दुसरा गुण गमावत राहिला. हे आकडे वाचकांनी जरा ध्यानात ठेवावेत. या लेखात पुढे ते पुन्हा लागणार आहेत.

२

या क्षेत्रातला आद्य ग्रंथ म्हणावा असे पुस्तक म्हणजे टिमथी गॅलवे याचे ‘द इनर गेम ऑफ टेनिस’. ते १९७४ साली निघाले आणि लाखोंनी खपले. गॅलवे हार्वर्ड विद्यापीठाच्या टेनिस-संघाचा कर्णधार होता. पंधराव्या वर्षी राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेत, विजयाच्या गुणावर, एक अगदी सोपी व्हॉली त्याच्या हातून चुकली होती. त्या चुकलेल्या व्हॉलीतून एका पुस्तकाचा जन्म व्हावा, ही गोष्ट कोणाही लेखकाला समजण्यासारखी आहे.

त्याचा सिद्धान्त साधा आहे. खेळताना आपल्यात दोघे जण असतात. एक सांगणारा आणि एक करणारा. सांगणारा अखंड बडबडत असतो: गुडघा वाकव, मनगट ताठ ठेव, गाढवा, पुन्हा जाळीत मारलास! करणारा बिचारा मुका, पण शहाणा. शरीराला काय करायचे ते त्याला ठाऊक असते. सांगणाऱ्याने गप्प बसावे म्हणजे करणारा आपले काम चोख करील. आता त्याला गप्प कसे बसवायचे? ‘गप्प बस’ म्हणून तो बसत नाही; कारण ते म्हणणाराही तोच! म्हणून गॅलवे त्याला एखादे निरुपद्रवी काम देतो. चेंडूवरची शिवण पाहा. चेंडू जमिनीवर आपटला की ‘टप्पा’ म्हणा, रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हणा. रडक्या मुलाच्या हाती आईने वाटी-चमचा द्यावा, तशातला हा प्रकार. आणि तो लागू पडतो.

पुस्तकात एक गमतीची युक्ती आहे. प्रतिस्पर्ध्याचा फोरहँड फारच बहरला असेल, तर बाजू बदलताना त्याला आदराने विचारावे की आज आपण असे काय वेगळे करता आहात? तो विचार करू लागतो, आणि फोरहँड बिघडतो. ही युक्ती खट्याळ खरी. पण तिच्यात मोठे तथ्य आहे. दडपणाखाली माणूस स्वतःच्या हालचालींकडे डोळे लावून बसतो आणि म्हणूनच मुरलेले कसब विस्कटते, असा निष्कर्ष १९८४ साली रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनिशी मांडला. जिना उतरताना पायांचा विचार करणारा माणूस अडखळतो, हे आपल्या आजीला प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते, ही गोष्ट निराळी.

गॅलवेच्या पुस्तकाची मला सर्वांत आवडलेली बाजू म्हणजे त्याची दयाळू दृष्टी. चेंडू बाहेर गेला तर ‘चेंडू बाहेर गेला’ एवढेच पाहावे. ‘मी नालायक’ हे त्याला जोडू नये, असे तो सांगतो. प्रतिस्पर्ध्याविषयीचे त्याचे विवेचनही थोर आहे. समुद्राच्या लाटेवर स्वार होणारा माणूस मोठी लाट येण्याची वाट का पाहतो? मोठ्या लाटेशिवाय त्याच्या अंगातले कसब बाहेर निघत नाही म्हणून. चांगला प्रतिस्पर्धी ही ती लाट. तो आपल्या वाटेत अडथळे उभे करतो, हीच त्याची मैत्री. स्पर्धेविषयी इतके निर्मळ लिहिणारे लेखक मी फार पाहिलेले नाहीत.

यात आपल्याकडच्या वाचकाला काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. गॅलवेच्या अर्पणपत्रिकेत आईवडिलांच्या जोडीला एका भारतीय गुरूचे नाव आहे, आणि जपानच्या झेन पंथाचे ऋणही तो लपवीत नाही. आपलेच नाणे दूरच्या टांकसाळीत नवा छाप घेऊन परत आले आहे. त्याबद्दल फुशारकी मारण्याचे कारण नाही. आपण ते नाणे पेटीत ठेवून दिले होते, त्याने ते बाजारात चालवून दाखवले.

दोष मात्र दोन आहेत. पहिला असा की करणाऱ्यावर विसंबा हे ठीक. पण करणाऱ्याला शहाणा करून ठेवले आहे ते हजारो फटक्यांच्या सरावाने. त्या घामाचा पाढा गॅलवे फार हलक्या आवाजात म्हणतो. नवख्या वाचकाला वाटावे की मन शांत केले की बॅकहँड आपोआप उगवेल. दुसरा दोष अधिक खोल आहे. गॅलवेचा ‘सांगणारा’ डोक्याच्या आत एकटाच राहतो. त्याला घरदार नाही, आईबाप नाहीत, खर्चाची वही नाही. आमच्याकडे असे कोठे असते? आमचा सांगणारा एकत्र कुटुंबात राहतो!

३

या दुसऱ्या दोषाकडे वळण्यापूर्वी जिम लेअर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा विचार करायला हवा. गॅलवे कवी, तर लेअर कारकून. आणि हे मी कौतुकाने म्हणतो आहे. मोठमोठ्या खेळाडूंचे सामने पाहताना त्याच्या ध्यानात आले की चेंडू खेळात असताना प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण दोन गुणांच्या मधल्या वेळात वरच्या दर्जाचे सारे खेळाडू पुष्कळसे एकसारखे वागतात. त्या वेळाचे त्याने चार भाग पाडले. गुण संपताच खांदे न पाडता पाठ फिरवून चालू लागणे. मग श्वास संथ करून अंग सैल सोडणे. मग पुढचा गुण कसा खेळायचा ते ठरवणे. आणि शेवटी चेंडू ठरावीक वेळा आपटण्यासारखा नित्याचा विधी. या साऱ्याला त्याने ‘सोळा सेकंदांचा उपाय’ असे नाव दिले.

या उपायात तत्त्वज्ञान नाही, आणि हाच त्याचा गुण आहे. मनाला ‘शांत हो’ असे सांगून ते शांत होत नाही. पण पायांना चालायला आणि छातीला श्वास घ्यायला सांगता येते, आणि मन त्यांच्या मागोमाग येते. राफाएल नदाल आपल्या खुर्चीसमोर पाण्याच्या दोन बाटल्या नेमक्या जागी, नेमक्या दिशेला ठेवीत असे. २०११ साली निघालेल्या ‘राफा’ या आत्मकथनात तो सांगतो की हा शकुन-अपशकुनाचा प्रकार नव्हे. भोवतालची मांडणी नीट लावली की डोक्यातली मांडणीही नीट लागते, एवढाच त्याचा हेतू. ताम्हण, पळी, पंचपात्र जागच्या जागी मांडल्यावाचून आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पूजा सुचत नसे. त्यामागेही हेच शहाणपण असले पाहिजे.

लेअरच्या पद्धतीतला धोका एवढाच की विधी हा लवकर कर्मकांड बनतो. बाटली वाकडी झाली म्हणून जो घाबरतो, त्याच्यासाठी विधी हाही एक नवा ‘सांगणारा’च होऊन बसतो. तथापि या सर्व पुस्तकांत ज्याच्या हाती रोजच्या उपयोगाचे काही पडते, असा वाचक लेअरचाच असेल. पुढचा चेंडू कसा खेळावा याहून अधिक काही सांगण्याचा त्याचा आव नाही.

४

आता एकत्र कुटुंबातल्या ‘सांगणाऱ्या’विषयी. याचे चित्र पाहायचे तर मानसशास्त्राचे पुस्तक बाजूला ठेवून आंद्रे अगासीचे ‘ओपन’ हे २००९ सालचे आत्मचरित्र उघडावे. सात वर्षांचा मुलगा, लास व्हेगासच्या घरामागचे कोर्ट, आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने फेरफार करून उभे केलेले चेंडू फेकणारे यंत्र. मुलगा त्या यंत्राला राक्षस समजतो. वडिलांचा हिशेब असा: दिवसाला अडीच हजार चेंडू मारले की वर्षाकाठी जवळजवळ दहा लाख होतात, आणि वर्षाला दहा लाख चेंडू मारणारे पोर कोणाला हरणार? गणित बरोबर निघाले. अगासी जगज्जेता झाला, आणि आपल्याला टेनिसचा तिटकारा होता असे त्याने पुस्तकात लिहून ठेवले.

अगासीच्या डोक्यातला आवाज कोणाचा होता, हे वाचताना क्षणभरही शंका राहत नाही. तो बापाचा आवाज होता. पुढे ब्रॅड गिल्बर्ट हा प्रशिक्षक त्याला भेटला आणि त्याने सांगितलेली गोष्ट फार साधी होती: प्रत्येक चेंडू निर्दोष मारण्याची गरज नाही, समोरच्या एका माणसापेक्षा बरे खेळलास की झाले. या वाक्याने जे साधले ते एका अर्थाने घरातल्या आवाजाला दिलेले उत्तर होते.

आमच्या भागात तलावाच्या बाजूने, उमरेड रोडने, संध्याकाळी पाठीवर रॅकेटची पिशवी लटकवलेली मुले आईबापांच्या स्कूटरवर मागे बसून परतताना दिसतात. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला रामनगरच्या कोर्टांवर जायचे, यायचे, शाळा सांभाळायची, चेंडू, तारा, बूट, शिकवणी, बाहेरगावच्या स्पर्धा यांचा खर्च सोसायचा. मध्यमवर्गीय घराला हे झेपते ते कोठेतरी दुसरीकडे चिमटा घेऊनच. मुलाला तो चिमटा दिसत असतो. पाच-तीन अशी आघाडी असताना त्याच्या मनात जे येते ते गॅलवेच्या पुस्तकात नाही. ‘गुडघा वाकव’ हे तर येतेच. पण त्यासोबत ‘बाबांनी रजा काढली आहे’ हेही येते. आणि हरून आल्यावर स्कूटर सुरू करता करता बाबा सहज म्हणतात, ‘काऊन, चांगली जिंकून राहिली होतीस ना! मनच कच्चं आहे तुझं.’

या एका वाक्यासाठी मी हा सारा लेख लिहितो आहे.

५

हे वाक्य बाबांनी कोठून उचलले, याचे उत्तर या वाङ्मयातच आहे. पण तेथे जाण्याआधी आपल्या मराठीतल्या एका माणसाचे ऋण मान्य केले पाहिजे. भीष्मराज बाम हे पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि स्वतः नेमबाज. निवृत्तीनंतर नाशिकला राहून त्यांनी खेळाडूंच्या मनाचे शिक्षण हेच आपले काम मानले. अंजली भागवतसारख्या नेमबाजाने आणि राहुल द्रविडसारख्या फलंदाजाने त्यांचे मार्गदर्शन घेतले. २०१७ च्या मे महिन्यात ते निवर्तले. ‘मार्ग यशाचा’, ‘विजयाचे मानसशास्त्र’ या पुस्तकांनी हा विषय मराठी वाचकाच्या अंगणात आणून सोडला. त्यांचे मोठेपण मला वाटते ते असे की त्यांनी योगशास्त्राची परिभाषा देव्हाऱ्यातून उचलून नेमबाजीच्या मैदानावर आणली. श्वास, एकाग्रता, अभ्यास हे शब्द घाम गाळणाऱ्या मुलांच्या उपयोगाचे करून दाखवले. उसन्या शब्दांनी मन वळत नाही. मुलाला त्याच्या आईच्या भाषेत श्वास घ्यायला सांगितले तर तो लवकर घेतो.

तरीही एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. ती एकट्या बामांविषयी नाही, या सबंध प्रकारच्या लेखनाविषयी आहे. पुस्तकांची नावे पाहा: यश, विजय, सवयी जिंकणाऱ्यांच्या. शीर्षकात यश घातल्यावाचून ग्राहक पुस्तक हाती घेत नाही, हा काळाचा कर प्रत्येक लेखकाला भरावा लागतो. पण पतंजलीने मनाला आवरण्यासाठी जी जोडी सांगितली, तिच्यात अभ्यासाच्या शेजारी वैराग्य बसलेले आहे. आजच्या बाजाराने त्या जोडीतला अभ्यास तेवढा उचलला आणि वैराग्य दुकानाबाहेर ठेवले. यशाच्या पुड्यात वैराग्य बांधून विकता येत नाही, हे खरे. पण हरलेल्या मुलाला त्याचीच गरज असते. निकालावरचा हात सैल सोडता येणे, ही मनाच्या शिक्षणाची अर्धी बाजू आहे. ती गाळली की उरलेले अर्धे शिक्षण हे परीक्षेच्या शिकवणीसारखे होते.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘मन खंबीर’ आणि ‘मन कच्चे’ हे आपण ठरवतो कशावरून?

१९९३ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३० होती. त्या गुणावर तिच्या हातून डबल फॉल्ट झाला. तिथून ती एकही गेम जिंकली नाही. सेट ६-४ असा ग्राफकडे गेला. बक्षीस घेताना ती केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. त्या दिवसापासून ‘कच्च्या मनाचे’ उदाहरण म्हणून तिचे नाव पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिले. १९९८ साली तीच नोव्होत्ना नताली तोझियाला हरवून विम्बल्डनची विजेती झाली. मन तेच होते. ते पाच वर्षांत दगडाचे झाले असे म्हणायला काही आधार नाही. दिव्या देशमुखही रडली, नोव्होत्नाही रडली. एकीच्या अश्रूंत आपल्याला खंबीरपणा दिसला, दुसरीच्या अश्रूंत दुबळेपणा. दोघींच्या अश्रूंत फरक होता तो धावफलकाचा.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर १९६६ चे कलकत्ता. डेव्हिस कपच्या लढतीत ब्राझीलच्या टोमाझ कॉखविरुद्ध रामनाथन कृष्णन दोन सेट विरुद्ध एक असा मागे आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असा मागे होता. तेथून त्याने तो सेट ७-५ असा काढला, पाचवा ६-२ असा जिंकला, आणि भारत पहिल्यांदाच डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत गेला. या विजयाचे वर्णन ‘पोलादी मन’ म्हणून करणारे लोक कॉखला विसरतात. दोन-तीन चेंडू इकडचे तिकडे झाले असते, तर पोलादी मन कॉखचे ठरले असते आणि कृष्णनला आपण ‘गुणी, पण मोक्याच्या क्षणी ढिला’ म्हणून मोकळे झालो असतो. येथे फेडररचे ५४ टक्के पुन्हा आठवावेत. ज्या खेळात श्रेष्ठ खेळाडूही जवळजवळ निम्मे गुण गमावतो, तेथे दोन गुणांवरून एखाद्याच्या मनाचा पोत सांगणे हे ज्योतिषच नव्हे का?

या वाङ्मयाचा मुख्य दोष मला येथे दिसतो. पुढच्या चेंडूविषयी ही पुस्तके जे सांगतात ते बहुतेक खरे आणि उपयोगी आहे. मागच्या निकालाविषयी त्यांच्या आधारे जे सांगितले जाते ते बहुतेक खोटे आणि कधी कधी क्रूर आहे. जिंकलेल्याला विचारून त्याच्या मनाचे नियम काढायचे आणि ते नियम घेऊन हरलेल्याचा न्याय करायचा, ही उलटी रीत आहे. तालमीतला वस्ताद चितपट झालेल्या पोराच्या पाठीची माती झटकतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जोर काढायला लावतो. पोराच्या मनाचे पोस्टमॉर्टेम तो करीत नाही.

हरण्याचा अर्थ नेहमी मनाचा दुबळेपणा नसतो, याचा आपल्या मराठी मुलखातला मोठा दाखला नंदू नाटेकरांचा आहे. सांगलीचा हा मुलगा आधी टेनिस खेळत होता. १९५० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय कनिष्ठ टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो याच रामनाथन कृष्णनकडून हरला, आणि त्यानंतर त्याने टेनिस सोडून बॅडमिंटनची वाट धरली. आजच्या पुस्तकी भाषेत याला ‘माघार’ म्हणतील. चिकाटी कमी पडली म्हणतील. पण १९५६ साली क्वालालंपूरला सेलँगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू झाला तो हाच नाटेकर, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्याचे नाव होते. पुढे मौज अशी की त्याचा मुलगा गौरव टेनिसच खेळला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आला! कोठला पराभव कोठे जाऊन फळेल, हे सामना संपल्यावर दहा मिनिटांत सांगणारे शास्त्र अजून निघालेले नाही.

७

मग ही पुस्तके घ्यावीत की नाही? घ्यावीत. दिवाळीला मुलामुलींना भेट म्हणून पुस्तक देण्याची चाल अजून ज्या घरांत आहे, त्यांनी जरूर घ्यावीत. माझा क्रम मी सांगतो. लेअरचा सोळा सेकंदांचा उपाय खेळणाऱ्या मुलाच्या हाती द्यावा. त्याला तो आठवड्याभरात जमेल आणि गणिताच्या पेपरातही उपयोगी पडेल. बामांची पुस्तके प्रशिक्षकांनी वाचावीत, म्हणजे मराठी मुलांशी मराठीत बोलण्याची सवय लागेल. गॅलवे कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वाचावा. तोवर त्याला आपल्या डोक्यातली बडबड ओळखता येऊ लागलेली असते. आणि ‘ओपन’ हे मुलांच्या हाती देण्याआधी आईबापांनी रात्री निजानीज झाल्यावर वाचावे, दोघांनीही. ते वाचून झाल्यावर मग स्कूटरवर मागे बसलेल्या हरलेल्या मुलीला काय म्हणायचे ते त्यांचे त्यांना सुचेल. मला विचाराल तर पहिली दहा मिनिटे काहीच म्हणू नये. भूक लागली असेल तर वाटेत तर्रीपोहे खाऊ घालावेत. पुढच्या सामन्याचा विषय तिने काढला तर बोलावे. आणि तिने नाही काढला, तर उद्या सकाळी सरावाला किती वाजता निघायचे एवढेच विचारावे.